विश्लेषण : एकच फिगर ३९९ रुपयांना आणि साडेतीन हजारांनाही कशी? ऑनलाइन घेताना वऱ्हाडातल्या संग्राहकांनी काय तपासावे?

‘वन पीस’मधला लुफी, ‘ड्रॅगन बॉल’मधला गोकू किंवा ‘नारुतो’मधला इटाची मोबाइलवर शोधून पाहा. तोच फोटो, तीच पोज, तोच डबा. पण एका विक्रेत्याकडे किंमत ३९९ रुपये, दुसऱ्याकडे १,२९९ आणि तिसऱ्याकडे साडेतीन हजार. अमरावती किंवा अकोल्यात अस्सल फिगर हातात घेऊन बघता येईल असे दुकान सहज सापडत नाही, त्यामुळे सगळा भरवसा स्क्रीनवरच्या फोटोवर. बरे, घेणारा बहुतेक वेळा कॉलेजातला किंवा नुकताच नोकरीला लागलेला. त्याच्यासाठी साडेतीन हजार म्हणजे महिन्याचे मेसचे पैसे. ही रक्कम कुठे बुडते, कशी वाचते आणि बुडालीच तर अमरावती-अकोल्यात बसून काय करता येते?

एकाच पात्राच्या किमतीत एवढा फरक का?

याची दोन कारणे आहेत आणि बहुतेकांना त्यातले एकच माहीत असते. स्वस्तातली फिगर नकली असू शकते, हे सगळे जाणतात. पण अस्सल फिगरमध्येही प्रकार असतात आणि त्यांच्या किमती एकमेकींच्या जवळपासही नसतात.

‘बानप्रेस्टो’ या नावाने येणाऱ्या फिगर मुळात जपानमधल्या क्रेन गेमसाठी, म्हणजे पंज्याने वस्तू उचलायच्या यंत्रात बक्षीस म्हणून ठेवण्यासाठी बनतात. त्यांना ‘प्राइझ फिगर’ म्हणतात. हे नाव आता बंदाई स्पिरिट्स या कंपनीकडे आहे. रंगकाम बऱ्यापैकी, किंमत त्या मानाने आवाक्यातली. भारतात अधिकृत आयातदाराकडून घेतली तरी ती दोन-अडीच हजारांच्या खाली क्वचितच मिळते.

दुसरा प्रकार ‘नेंडोरॉइड’. मोठे डोके, छोटे शरीर, उंची साधारण १० सेंटिमीटर आणि चेहरे-हात बदलता येतात. जपानची गुड स्माइल कंपनी २००६ पासून हे बनवते. तिसरा ‘स्केल फिगर’, ज्यावर १/७ किंवा १/८ असे प्रमाण लिहिलेले असते. याच सर्वांत महाग. जपानमध्येच त्यांची किंमत पंधरा-वीस हजार येनच्या घरात जाते.

प्रमाणाचा अर्थ न कळल्यामुळे होणारी निराशा फसवणुकीइतकीच सर्रास आहे. पात्राची कल्पित उंची १६० सेंटिमीटर असेल, तर १/७ म्हणजे सुमारे २३ सेंटिमीटर आणि १/८ म्हणजे २० सेंटिमीटर. फोटोत मात्र १० सेंटिमीटरचा नेंडोरॉइडही तेवढाच भव्य दिसतो. कंपासपेटीतली पट्टी टेबलावर उभी धरून आकडा डोळ्यांनी पाहिला, तर पार्सल उघडल्यावर ‘एवढूसंच?’ म्हणायची वेळ येत नाही.

म्हणजे शोध ‘लुफी फिगर’ असा नव्हे, तर कंपनी, मालिकेचे नाव आणि वर्ष यांसह नेमक्या वस्तूचा हवा. ते नाव हाती लागले, की कंपनीच्या संकेतस्थळावर मूळ किंमत, उंची आणि खरे फोटो सापडतात. त्यानंतरच ३९९ हा आकडा स्वस्त आहे की अशक्य आहे हे ठरवता येते.

‘मेड इन चायना’ लिहिले असेल तर माल नकली?

नाही. हा गैरसमज इतका घट्ट आहे की त्यापायी अस्सल वस्तू परत पाठवणारेही आहेत. जपानी कंपन्यांच्या बहुतांश फिगर चीनमध्येच तयार होतात, काही व्हिएतनाम आणि फिलिपिन्समध्ये. गुड स्माइलचा जपानमधल्या तोत्तोरी इथेही कारखाना आहे, पण तो अपवाद. डब्यावर चीनचे नाव असणे नैसर्गिकच आहे. उलट भारतातल्या नियमांनुसार उत्पादनाचा देश ऑनलाइन दाखवणे विक्रेत्याला बंधनकारक आहे. ती ओळच नसेल, तर शंका घ्यावी.

बारकोड मात्र उपयोगी पडतो. जपानमध्ये नोंदलेल्या बारकोडची सुरुवात ४५ किंवा ४९ या अंकांनी होते. माल चीनमध्ये बनला तरी कंपनीची नोंद जपानची, म्हणून अंक जपानचे. अर्थात बारकोड छापणे अवघड नाही. तो चुकीचा असेल तर माल नकली असण्याची शक्यता मोठी. तो बरोबर असेल तर एवढेच कळते, की तपासणी पुढे चालू ठेवायची.

हेच स्टिकरचे. ‘वन पीस’ आणि ‘ड्रॅगन बॉल’च्या जपानी बाजारातल्या डब्यांवर तोएई ॲनिमेशनचे चमकते स्टिकर असते. जपानबाहेर विकायच्या डब्यांवर ते वेगळे असू शकते किंवा नसतेही. त्यामुळे फक्त स्टिकर पाहून निकाल देणे धोक्याचे.

२०२५ मध्ये गाजलेल्या लाबूबू बाहुलीचे उदाहरण बोलके आहे. हाँगकाँगचे चित्रकार कासिंग लुंग यांनी २०१५ मध्ये हे पात्र रेखाटले आणि २०१९ पासून चीनची पॉप मार्ट कंपनी ते विकू लागली. जून २०२५ मध्ये बीजिंगमधल्या लिलावात माणसाच्या उंचीची एक लाबूबू १० लाख ८० हजार युआनला गेली. त्यानंतर नकली लाबूबूंचा असा पूर आला, की त्यांना ‘लफूफू’ हे स्वतंत्र नावच पडले. अस्सल बाहुलीला नऊ दात असतात, ही खूण जगभर छापून आली. पण नकली माल बनवणारेही बातम्या वाचतात.

मग नकली ओळखायची कशी?

तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेताना घरातले मोठे माणूस तो आधी उचलून बघते. वजन, पायांचे सांधे, चाके सरळ फिरतात का, रंग बोटाला लागतो का. फिगरही असेच बघून घेण्याची वस्तू आहे. नकली मालाचे दोष नेमके तिथेच असतात : डोळ्यांचा छाप किंचित सरकलेला, केसांची टोके बोथट, त्वचेचा रंग मेणासारखा चमकणारा, दोन भाग जुळतात तिथे रुंद फट आणि डबा उघडताच येणारा उग्र वास. ऑनलाइन यातले काहीच कळत नाही, कारण विक्रेता कंपनीचाच अधिकृत फोटो लावतो.

म्हणून फोटोपेक्षा मजकूर वाचावा. ‘ब्रँड’च्या जागी ‘जेनेरिक’ किंवा कधीच न ऐकलेले नाव असेल, तर प्रश्न तिथेच मिटतो. नावातच ‘कार डॅशबोर्ड, ऑफिस डेस्क, केक टॉपर, गिफ्ट’ अशी मालगाडी जोडलेली असेल, तर ती वस्तू संग्राहकांसाठी नाहीच. अस्सल फिगर केकवर ठेवायला कुणी विकत नाही. ‘फर्स्ट कॉपी’, ‘मास्टर कॉपी’, ‘चायना व्हर्जन’ हे शब्द तर सरळ कबुलीजबाब आहेत. ‘डब्याशिवाय, म्हणून स्वस्त’ हेही बहुतेक वेळा त्याच जातीचे.

मोठ्या शॉपिंग साइटवर आणखी एक ओळ पाहायची : ‘विक्रेता कोण’. साइट नामांकित असली तरी माल तिथे दुकान मांडलेल्या हजारो विक्रेत्यांपैकी कुणाचा तरी असतो. रिव्ह्यूमध्ये पाच तारे मोजत बसण्यापेक्षा घेणाऱ्यांनी टाकलेले फोटो बघावेत आणि एक-दोन तारे देणाऱ्यांनी काय लिहिले ते आधी वाचावे. ‘लय सस्तं भेटलं’ असे लिहून पाच तारे देणाऱ्याला ती वस्तू अस्सल आहे की नाही याच्याशी देणेघेणे नसते.

ज्याला नकली माहीत असूनही टेबलावर ठेवायला हवी आहे, त्याचा प्रश्न वेगळा. पण घरात लहान मूल असेल तर एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. रंगातले शिसे आणि प्लॅस्टिकमधली घातक रसायने यांची चाचणी त्यातच येते. चिन्ह नसलेली खेळणी विकली जात असल्यावरून जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲमेझॉन, फ्लिपकार्ट आणि स्नॅपडीलला नोटिसा दिल्या होत्या. संग्राहकांच्या अस्सल फिगरवर ‘१५ वर्षांवरील’ असे लिहिलेले असते, म्हणजे त्याही मुलांनी खेळण्यासाठी नाहीतच. नकली फिगरवर मात्र ना चिन्ह, ना वय. पाच वर्षांच्या मुलाने ती तोंडात घातली, तर रंगात काय आहे हे कुणालाच सांगता येणार नाही.

थेट जपानमधून मागवणे परवडते का?

फिगर अस्सल असण्याची खात्री हवी असेल तर हा मार्ग चांगला. आमीआमी, मांदाराके यांसारखी जपानी दुकाने परदेशात माल पाठवतात. वापरलेल्या मालाची प्रतवारीही ती काटेकोर करतात : आमीआमीवर वस्तूला वेगळी श्रेणी आणि डब्याला वेगळी. वस्तू ‘ए’ आणि डबा ‘बी’ असेल, तर डब्याला पोचा आहे पण आत फिगर जवळपास नवी. डबा फेकूनच देणार असाल, तर असा माल फायद्याचा.

चूक होते ती हिशेबात. समजा फिगर १० हजार येनची आणि येनचा भाव ६० पैसे धरला, तर झाले ६ हजार रुपये. विमानाने पाठवण्याचा खर्च अडीच हजार. आता सीमाशुल्क फक्त ६ हजारांवर लागत नाही, वाहतूक धरून साडेआठ हजारांवर लागते. वैयक्तिक वापरासाठी मागवलेल्या वस्तूंवर मूळ शुल्क, त्यावर अधिभार आणि वर आयजीएसटी असा तिहेरी थर असतो. काही वर्षांपूर्वी हे सगळे मिळून ७७ टक्क्यांच्या पुढे जात होते, नंतर दर उतरले. अर्थसंकल्पात ते बदलतात, म्हणून ऑर्डर देण्याच्या दिवशीचा दर पाहावा. हिशेबापुरते ४० टक्के धरले तरी ३,४०० रुपये होतात. म्हणजे ६ हजारांची फिगर अमरावतीत दाराशी येईपर्यंत ११,९०० रुपयांची. कुरिअर कंपनीचे हाताळणी शुल्क वेगळे. तीच फिगर भारतातला आयातदार ९ हजारांना देत असेल, तर जपानचा मोह आवरलेला बरा. दोन-तीन मित्रांनी एकत्र मागवले तर वाहतूक वाटली जाते, शुल्क मात्र प्रत्येक वस्तूवर लागतेच.

‘पार्सलवर गिफ्ट लिहून पाठवतो, शुल्क लागणार नाही,’ असे सांगणारे विक्रेते भेटतात. हा सल्ला घातक आहे. डिसेंबर २०१९ पासून टपाल किंवा कुरिअरने ‘भेट’ म्हणून माल आयात करण्यावरच बंदी आहे. सूट फक्त जीवनरक्षक औषधांना आणि राखीला. फिगर राखी नाही. असे पार्सल अडकले तर पैसे आणि वस्तू दोन्ही लटकतात.

‘थेट जपानहून’ म्हणणारा विक्रेता खरा की खोटा, हे टपालाच्या ट्रॅकिंग क्रमांकावरूनही कळते. आंतरराष्ट्रीय टपालाचा क्रमांक १३ चिन्हांचा असतो : आधी दोन अक्षरे, मग नऊ अंक, शेवटी देशाची दोन अक्षरे. जपानहून निघालेल्या पार्सलच्या शेवटी ‘जेपी’ येते. तिथे ‘सीएन’ असेल, तर माल चीनमधून निघाला आहे.

पार्सलची वाट बघतानाचा सापळा

परदेशी पार्सल तीन-चार आठवडे वाटेत असते. नेमक्या त्याच काळात ‘तुमचे पार्सल पत्ता अपूर्ण असल्याने अडकले आहे, १२ तासांत या लिंकवर माहिती भरा’ असा एसएमएस येतो. इंडिया पोस्टच्या नावाने फिरणारे हे संदेश खोटे असल्याचे सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने जाहीर केले आहे. एरवी हसून सोडून देणारा माणूसही पार्सलची वाट पाहत असला की लिंक दाबतो. ‘तुमच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले’ असे सांगून व्हिडिओ कॉलवर ‘अटक’ करणारे त्याच टोळधाडीतले. कुरिअर कंपनी खरोखरच ओळखपत्राची कागदपत्रे मागते, त्यामुळे गोंधळ वाढतो. उपाय एकच : आलेली लिंक कधीच उघडायची नाही, कंपनीच्या ॲपमध्ये आपला ट्रॅकिंग क्रमांक स्वतः टाकून बघायचा. तिथे काही मागितले नसेल, तर मागणारा चोर आहे.

इन्स्टाग्राम, टेलिग्रामवरून घ्यावे का?

बंद झालेल्या, पुन्हा न निघणाऱ्या फिगर बऱ्याचदा तिथेच मिळतात, म्हणून सरसकट नको म्हणणे व्यवहार्य नाही. संग्राहकांमध्ये एक चांगली पद्धत आहे. विक्रेत्याला त्याचे नाव आणि आजची तारीख चिठ्ठीवर लिहून ती फिगरशेजारी ठेवून फोटो काढायला सांगायचे. सोबत पायाखालच्या स्टँडची उलटी बाजू, तिथली स्वामित्वहक्काची ओळ आणि डब्याचा बारकोड. ज्याच्याकडे वस्तू आहे त्याला हे दोन मिनिटांचे काम. ‘भाऊ, विश्वास ठेवा, दुसरा गिऱ्हाईक तयार आहे’ असे उत्तर आले, तर तो गिऱ्हाईक त्यालाच लखलाभ.

यूपीआयने पैसे पाठवण्याआधी ॲप समोरच्याचे बँकेतले नाव दाखवते. इन्स्टाग्रामवरचे नाव आणि हे नाव जुळत नसेल, तर थांबावे. प्रीऑर्डरच्या नावाखाली सहा महिने आधी पूर्ण रक्कम मागणाऱ्या, कालपरवा उघडलेल्या पेजवर तर पैसे टाकूच नयेत. फिगरचे प्रकाशन खरोखरच पुढे ढकलले जाते, आणि ‘कंपनीकडून उशीर होतोय’ ही सबब त्यामुळे महिनोन् महिने चालते.

ऊन : वऱ्हाडाचा वेगळा प्रश्न

फिगर घेण्याविषयीचे बहुतेक सल्ले थंड देशांतले किंवा मुंबईचे. त्यात अकोल्याचा मे महिना नसतो. मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे गेला, तेव्हा अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी उष्णतेच्या लाटेमुळे कलम १४४ लागू केले होते. माणसांनी बाहेर पडू नये अशा उन्हात पार्सल मात्र डिलिव्हरीच्या बंद गाडीत आणि पत्र्याच्या गोदामात फिरत असते.

फिगर मुख्यतः पीव्हीसीची असते. पीव्हीसी मुळात कडक आणि ठिसूळ. ते लवचिक व्हावे म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर नावाचे द्रव्य मिसळतात. याच द्रव्यामुळे ते उष्णतेत लवकर मऊ पडते. एका पायावर उभी, तलवार उगारलेली फिगर मग स्वतःच्याच वजनाने हळूहळू झुकते. बंद डब्यात हे द्रव्य पृष्ठभागावर उतरून फिगर चिकटही होते. पार्सल उघडल्यावर तलवार वाकडी दिसली, तर ती नकलीच असेल असे नाही.

शक्य असेल तिथे एप्रिल-मेमध्ये पोहोचणारी ऑर्डर टाळावी. जपानी दुकाने काही दिवस माल राखून एकत्र पाठवण्याची सोय देतात, तिचा उपयोग होतो. आलीच तर डबा थेट गच्चीखालच्या खोलीत न ठेवता घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवावा. चिकट फिगर सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने पुसून वाऱ्याला ठेवली की बरी होते. वाकलेला भाग गरम पाण्यात, उकळत्या नव्हे, थोडा वेळ धरून हळुवार सरळ करायचा आणि लगेच थंड पाण्यात बुडवायचा. तो त्या आकारात बसतो. नाजूक रंगकाम असेल तिथे हा प्रयोग जपून. आणि शेल्फ कूलरच्या झोतासमोर कधीच नको. उन्हाळाभर दमट हवा लागून पुठ्ठ्याचा डबा फुगतो, आणि पुढे फिगर विकायची झाली तर डब्याच्या अवस्थेवरच भाव ठरतो.

फसगत झालीच तर?

पहिला पुरावा पार्सल उघडण्याआधी तयार होतो. पत्त्याच्या चिठ्ठीपासून सुरू करून, सील कापणे, डबा, फिगर, स्टँड असा न थांबवता एकच व्हिडिओ काढावा. मधे कापलेला व्हिडिओ विक्रेता मान्य करत नाही. वस्तूच्या पानाचा स्क्रीनशॉट ऑर्डर देतानाच काढून ठेवावा, कारण तक्रार होताच ते पान गायब होते.

‘कलेक्टिबल वस्तू परत घेतल्या जाणार नाहीत’ ही ओळ बहुतेक ठिकाणी असते. मात्र ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार माल सदोष, बनावट किंवा वर्णनाशी न जुळणारा असेल, तर विक्रेत्याला परत घेण्यास नकार देता येत नाही. साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. त्याने दाद दिली नाही, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन.

तिथेही काम झाले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने इथे मोठा फरक पडला. ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार करता येते. विक्रेता दिल्लीचा असो की सुरतचा, अमरावतीच्या ग्राहकाला अमरावतीच्या आणि अकोल्याच्या ग्राहकाला अकोल्याच्या आयोगात जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लागतोच असे नाही आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. मुदत दोन वर्षांची.

पैसे घेऊन पेजच बंद झाले असेल, तर ग्राहक आयोगाच्या आधी १९३० ला फोन करावा. ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोहोचली, तरच ती गोठवता येते, त्यामुळे इथे तास मोजले जातात. बँकेकडून आपोआप भरपाईची आशा फारशी धरू नये. रिझर्व्ह बँकेचे ग्राहकाला जबाबदारीतून मोकळे करणारे नियम त्याच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहेत, आणि पिन टाकून स्वतः पाठवलेले पैसे त्यात बसत नाहीत. क्रेडिट कार्डने पैसे दिले असतील तर बँकेकडे व्यवहारावर आक्षेप नोंदवता येतो, ही वाट यूपीआयपेक्षा बरी.

विक्रेता व्यापारी नसून स्वतःच्या संग्रहातली एखादी फिगर विकणारी व्यक्ती असेल, तर ग्राहक कायद्याचा आधार लंगडा पडतो. तिथे उरते ती फसवणुकीची पोलिस तक्रार. अशा व्यवहारात चिठ्ठीसह काढलेला फोटो, चॅट आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक फोनमधून पुसू नयेत. ठाण्यात पहिल्यांदा तेच मागतात.